दहा मिनिटांचा विमा

राउटर हा मुळातच विसराळू प्राणी आहे. तुम्ही त्याला एखादी गोष्ट सांगितलीत तर तो ती लगेच ऐकतो, त्याप्रमाणे वागायलाही लागतो. पण "लिहून ठेव" असं वेगळं सांगितलं नाहीत, तर वीज गेल्यावर सगळं साफ विसरतो. नेटवर्किंग शिकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच याचा प्रत्यय येतो. दोन तास खपून सगळं सेट करावं, कुणीतरी चुकून प्लग काढावा, आणि राउटर पुन्हा कोऱ्या पाटीसारखा समोर बसलेला! मग शिकवणारे सर म्हणतात, "सेव्ह करायला विसरू नका रे." आणि ही राउटरची एक वाईट खोड आहे असं समजून सगळे पुढच्या धड्याला लागतात.

मला मात्र असं वाटतं की ही खोड नव्हेच. कॉन्फिगरेशन फाईलच्या सगळ्या इतिहासात इंजिनिअर लोकांना सगळ्यात जास्त वेळा वाचवलं असेल तर ते याच विसराळूपणाने. आज त्याचीच गोष्ट. ज्यांचा राउटरशी संबंध घरातल्या वायफायच्या डब्यापुरता आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कमांड्स पाठ करायच्या नाहीयेत :)

आधी थोडी पार्श्वभूमी. राउटर म्हणजे नेटवर्कच्या चौकात उभा असलेला हवालदार. आलेलं पाकीट कुठल्या रस्त्याने पुढे धाडायचं हे तो ठरवतो. आणि कॉन्फिगरेशन फाईल म्हणजे त्याच्या हातात दिलेला हुकूमनामा. तुझं नाव काय, कुठल्या पोर्टला कुठला पत्ता, कुणाला आत सोडायचं, कुणाला अडवायचं, शेजारी कोण आणि त्यांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. साधी टेक्स्ट फाईल असते ती. छोट्या ऑफिसात शंभर-दीडशे ओळी, मोठ्या कंपनीत काही हजार.

गंमत म्हणजे, जगातल्या पहिल्या राउटरला असा हुकूमनामा नव्हताच! १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट सुरू झालं, तेव्हा त्यातल्या चौकांवर बसवलेल्या यंत्रांना आयएमपी म्हणत. बीबीएन नावाच्या कंपनीने हनिवेलच्या डीडीपी-५१६ या कॉम्प्युटरवर ती बनवली होती. पहिलं यंत्र लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बसलं. या यंत्रांमधला प्रोग्रॅम लिहिणारेही बीबीएनचे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारेही बीबीएनचेच, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावातल्या नियंत्रण केंद्रात बसून. विद्यापीठातल्या लोकांनी त्या डब्याला हात लावायचा नाही असा एकंदर मामला होता. सुरुवातीला प्रोग्रॅम कागदी पट्टीवरून भरायचे. पुढे तर अशी सोय झाली की एखाद्या आयएमपीतला प्रोग्रॅम बिघडला, तर तो शेजारच्या आयएमपीकडून तारेवरूनच नवी प्रत मागून घ्यायचा. आपलं विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो, अगदी तसंच!

आता हे जमायचं का? तर सगळ्यांच्या घरचं विरजण सारखंच होतं म्हणून. मालक एक, प्रोग्रॅम एक. ही सुखाची स्थिती संपली ती ऐंशीच्या दशकात, जेव्हा राउटर ही दुकानात मिळणारी वस्तू झाली.

स्टॅनफर्ड विद्यापीठात तेव्हा वेगवेगळ्या विभागांची वेगवेगळ्या भाषा बोलणारी नेटवर्क होती. ती एकमेकांना जोडण्यासाठी बिल येगर यांनी अनेक प्रोटोकॉल समजणाऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याच विद्यापीठात काम करणारे लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या जोडप्याने १९८४ साली सिस्को ही कंपनी काढली, आणि १९८७ मध्ये स्टॅनफर्डने ते सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना सिस्कोला रीतसर दिला. आता डबा बनवणारा एक आणि वापरणारे हजार, प्रत्येकाच्या घरची तऱ्हा वेगळी. त्यामुळे गिऱ्हाईकाला स्वतःच राउटरला सूचना देता येतील अशी कमांडची भाषा लागली, आणि त्या सूचनांची यादी म्हणजे कॉन्फिगरेशन.

ही यादी दोन ठिकाणी असायची. एक प्रत चालू मेमरीत, म्हणजे राउटर या क्षणी जसा वागतोय ती. तिला म्हणतात रनिंग-कॉन्फिग. दुसरी प्रत वीज गेली तरी न विसरणाऱ्या छोट्याशा मेमरीत, म्हणजे राउटर उद्या सकाळी उठल्यावर जसा वागेल ती. ती स्टार्टअप-कॉन्फिग. नव्वदच्या दशकात घरोघरी, आपलं ऑफिसोऑफिसी दिसणाऱ्या सिस्को २५०० मालिकेच्या राउटरमध्ये ही दुसरी मेमरी फक्त ३२ किलोबाईट असायची. आज मोबाईलवर येणारा 'गुड मॉर्निंग'चा फोटो त्यात मावणार नाही, पण अख्ख्या ऑफिसचा हुकूमनामा मावायचा. पहिल्या प्रतीवरून दुसरी करायची कमांड होती 'राइट मेमरी'. नंतर तिचं लांबलचक नाव झालं 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग', पण जुनी मंडळी अजूनही 'राइट मेम' असंच टाइप करतात, आणि ते चालतंही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. या राउटरवर तुम्ही ओळ टाइप करून एंटर दाबलंत की ती त्याच क्षणी लागू व्हायची. "एवढ्या दहा ओळी लिहितो, मग सगळ्या एकदम लागू कर" असा प्रकार नाही. चौथी ओळ लिहून झालीय आणि पाचवी व्हायचीय, अशा अर्धवट अवस्थेतही राउटर इमानेइतबारे चौथ्या ओळीपर्यंतचा हुकूम पाळत असतो. आणि तुम्ही त्या राउटरशी बोलताय कशावरून? बहुतेक वेळा त्याच राउटरमधून जाणाऱ्या नेटवर्कवरून! म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तासायची, आणि तीही कुऱ्हाडीने.

उदाहरणं द्यायची तर ढिगाने देता येतील. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं याची यादी केली, की तिच्या शेवटी 'बाकी सगळ्यांना अडवा' ही न दिसणारी ओळ आपोआप असते. आपला स्वतःचा पत्ता 'सोडायचं'मध्ये लिहायच्या आधीच यादी पोर्टला लावली, की संपलं. स्क्रीन जागच्या जागी गोठते. जुन्या पद्धतीच्या क्रमांकवाल्या याद्यांमध्ये तर एक ओळ काढायला जावं आणि अख्खी यादीच उडावी असाही प्रकार होता. सिस्कोच्या स्विचवर एखाद्या लिंकवरून जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये नवा व्हीलॅन वाढवताना 'ॲड' हा एवढासा शब्द राहिला, तर नवा व्हीलॅन वाढत नाही, उलट आधीचे सगळे जाऊन तो एकटा उरतो. तीन अक्षरांचा शब्द, आणि अख्खा मजला बंद.

आता समजा हा राउटर तुमच्या टेबलावर आहे. काय करायचं? प्लग काढायचा आणि लावायचा. बदल सेव्ह केलेला नसल्यामुळे राउटर तो विसरून जातो, जुनी स्टार्टअप-कॉन्फिग वाचतो आणि शहाण्यासारखा वागायला लागतो. आला का विसराळूपणा कामाला! पण राउटर टेबलावर नसेल तर? पुण्या-मुंबईत नेटवर्क सपोर्टचं काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री दोनला बदल करायचे असतात, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेअकरा किंवा साडेबारा. राउटर तेरा हजार किलोमीटर लांब एका कुलूपबंद खोलीत. तिथे जाऊन प्लग कोण काढणार?

यावर जुन्या लोकांनी काढलेली तोड मला फार आवडते. बदल करायच्या आधी राउटरला सांगून ठेवायचं, 'रिलोड इन १०'. म्हणजे "बाबा रे, दहा मिनिटांनी तू स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू हो." मग बदल करायचा, पण सेव्ह करायचा नाही. सगळं नीट झालं, आपला संपर्क टिकून आहे, तर 'रिलोड कॅन्सल' म्हणायचं आणि मग सेव्ह करायचं. आणि फांदी तुटलीच तर? काही करायचं नाही. चहा घेऊन यायचा. दहा मिनिटांनी राउटर स्वतःच झोपतो, उठतो, आणि मधलं सगळं विसरलेला असतो.

या युक्तीत एक शहाणपण आहे. माझ्याकडून काही उत्तर आलं नाही तर 'सगळं ठीक आहे' असं समजू नकोस, 'काहीतरी बिघडलंय' असं समज. ट्रेकला जाताना आपण घरी सांगतो ना, रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघा, तसंच.

तर हा झाला दहा मिनिटांचा विमा. पण याचा हप्ता महाग होता. पूर्ण राउटर बंद होऊन चालू व्हायला काही मिनिटं जायची, आणि तेवढा वेळ त्याच्यावर अवलंबून असलेले सगळेच अंधारात. शिवाय बदल सेव्ह करून बसल्यावर चूक कळली, तर विमा संपलेला. कालची प्रत कुठे आहे?

म्हणून तिसरी प्रत डब्याच्या बाहेर ठेवायला सुरुवात झाली. त्यासाठी वापरायचे टीएफटीपी. नावाप्रमाणेच किरकोळ प्रोटोकॉल आहे हा. त्याची १९८१ सालची व्याख्या अगदी थोड्या पानांत मावते. फाईलचे ५१२ बाईटचे तुकडे करा, एक पाठवा, पोचपावती घ्या, दुसरा पाठवा. पासवर्ड वगैरे भानगडच नाही. इतका साधा असल्यामुळेच तो छोट्याशा राउटरमध्ये बसायचा. पण फाईल कॉपी करायची ती माणसाने, आठवणीने. आणि माणूस काय करतो ते आपल्याला माहीत आहे. 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-लेटेस्ट', 'फायनल-लेटेस्ट-जुनी' :)

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी काही नेटवर्क चालवणाऱ्यांनी यावर रॅन्सिड नावाचं साधन लिहिलं. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खवट, तेल खवट होतं त्यातला. ते एका लांबलचक नावाचं लघुरूप आहे, आणि त्या नावातच 'भन्नाट' अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी होती. करायचं काय, तर ठरावीक वेळाने माणसासारखं प्रत्येक राउटरवर लॉगिन करायचं, कॉन्फिगरेशन वाचायचं, सीव्हीएसमध्ये ठेवायचं, आणि मागच्या वेळेपेक्षा काही बदललं असेल तर तेवढाच फरक सगळ्यांना ईमेल करायचा. सीव्हीएस म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपल्या कोडच्या आवृत्त्या जपायला वापरायचे ते, आजच्या गिटचे आजोबा. दोन फाईलींमधला फरक दाखवणारा 'डिफ' तर त्याहून जुना, सत्तरच्या दशकातल्या युनिक्समधला. नवं काही नाही, पण ही जुनी हत्यारं राउटरच्या फाईलीला लावायची कल्पना मोठी होती. सकाळी चहाबरोबर ईमेल उघडावी आणि रात्री कुणी काय बदललं ते अधिक-उणे चिन्हांसकट समोर यावं.

याच काळात एक गोष्ट अशी घडली की परतीची वाट आपल्या एकट्याच्या हातात नसते हे जगाला कळलं. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या राउटरने जगभरचे हजारो रस्ते तुकडे करून "हे सगळे माझ्याकडूनच जातात" असं जाहीर करून टाकलं. त्या नेटवर्कचा क्रमांक होता ७००७, म्हणून हा प्रसंग 'एएस ७००७' या नावाने ओळखला जातो. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनी ठेवला, आणि जगाची वाहतूक त्या बिचाऱ्या राउटरच्या दारात येऊन कोलमडली. त्या लोकांनी राउटरची तार काढली. तरीही ते खोटे रस्ते इतरांच्या राउटरमध्ये बराच वेळ फिरतच राहिले! तुमचा राउटर विसरला, पण जग विसरलं नाही.

प्लग काढण्याच्या उपायाची मर्यादा इथे उघडी पडली. चूक झाल्यावर विसरण्यापेक्षा, चूक लागू व्हायच्या आधीच थांबता यायला हवं होतं. ते १९९८ मध्ये जुनिपरने आणलं. ही कंपनी १९९६ साली प्रदीप सिंधू यांनी काढली, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. जुनिपरच्या राउटरमध्ये तुम्ही टाइप करता ते लगेच लागू होत नाही. ते एका मसुद्यात जमा होतं. मसुदा वाचा, चालू प्रतीशी ताडून बघा, राउटरकडून तपासून घ्या, आणि मग 'कमिट' म्हणा, की सगळे बदल एकदम लागू. जुन्या आवृत्त्या राउटर स्वतःच जपतो. चालू धरून पन्नास, 'रोलबॅक ०' ते 'रोलबॅक ४९'. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे 'कमिट कन्फर्म्ड'. या कमांडने बदल लागू होतो, पण तात्पुरता. ठरलेल्या वेळात तुम्ही पुन्हा दुजोरा दिला नाहीत, तर राउटर आपलं आपण जुन्या प्रतीवर परत जातो, बंद न होता. वेगळं काही सांगितलं नाही तर ही वेळ किती? दहा मिनिटं!

म्हणजे जी गोष्ट आधी राउटरच्या विसराळूपणातून आयती मिळत होती, तीच आता मुद्दाम, विचारपूर्वक बांधली गेली.

पुढे हे सगळ्या कंपन्यांच्या राउटरसाठी एकसारखं व्हावं असा प्रयत्न झाला. जून २००२ मध्ये व्हर्जिनियातल्या रेस्टन इथे प्रोटोकॉल बनवणारे आणि नेटवर्क चालवणारे एकत्र बसले. त्या बैठकीचा अहवाल आरएफसी ३५३५ म्हणून २००३ मध्ये आला, आणि तो आजही वाचनीय आहे. चालवणाऱ्यांच्या मागण्या बघा. आम्ही सांगितलेलं कॉन्फिगरेशन आणि राउटरची प्रत्यक्ष स्थिती वेगवेगळी दिसू द्या. अख्खं कॉन्फिगरेशन एका झटक्यात बाहेर काढता आणि परत भरता येऊ द्या. ते टेक्स्ट असू द्या, म्हणजे डिफ आणि सीव्हीएससारखी आमची हत्यारं चालतील. कुठेही चमचमीत स्क्रीनची मागणी नाही. यातूनच २००६ मध्ये नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल आला. त्यात स्टार्टअप, रनिंग आणि मसुदा अशा तिन्ही प्रतींना अधिकृत जागा मिळाली, आणि दुजोरा द्यायची मुदत? ६०० सेकंद. करा भागाकार :)

२०१८ मध्ये आरएफसी ८३४२ ने यात आणखी दोन प्रती वाढवल्या. एक 'इच्छित' आणि एक 'प्रत्यक्ष'. कारण हुकूमनाम्यात एखादं कार्ड लिहिलेलं असतं आणि डब्यात ते बसवलेलंच नसतं. कागदावर आहे, जागेवर नाही. आपल्याला हे सातबाऱ्यावरून चांगलंच समजतं.

मग आता सगळं सुरक्षित झालं का? ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकदम बंद पडलं ते आठवत असेल. फेसबुकचे संतोष जनार्दन यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं सगळं मुख्य नेटवर्कच बंद पाडलं. अशा कमांड तपासून अडवणारं साधन त्यांच्याकडे होतं, पण नेमका त्यातच बग निघाला. आणि दुरुस्त करायची नेहमीची साधनंही त्याच नेटवर्कवर चालत होती. शेवटी इंजिनिअर लोकांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं, आणि त्या जागा कुणी सहज आत शिरू नये अशाच बांधलेल्या. साधारण सहा तास गेले.

व्हॉट्सॲप नसलं तर आपलं फारसं बिघडत नाही, कदाचित झोप चांगली लागते. पण ८ जुलै २०२२ चं प्रकरण गंभीर होतं. कॅनडातल्या रॉजर्स या कंपनीत नेटवर्क सुधारण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालू होतं. सात टप्प्यांतला सहावा टप्पा. आधीचे टप्पे सुरळीत गेल्यामुळे या कामाची जोखीम 'कमी' अशी नोंदली गेली होती. पहाटे राउटरच्या कॉन्फिगरेशनमधून एक गाळणी काढली गेली, आणि ती नसल्यामुळे रस्त्यांच्या माहितीचा पूर मधल्या मुख्य राउटरमध्ये घुसला. ते कोसळले. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांचा फोन आणि इंटरनेट गेला. देशभर डेबिट कार्डाने पैसे देणं अडलं. आणि ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीला, अनेकांचे फोन लागेनात.

परत जायचं तर राउटरपर्यंत पोचायला हवं. पण राउटर सांभाळायचं नेटवर्क त्याच मुख्य नेटवर्कच्या जिवावर होतं. इतकंच काय, कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे! एकमेकांशी बोलायला त्यांना दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं आणावी लागली. नेमकं काय बिघडलं हे कळायला १४ तास लागले, आणि सेवा पूर्ववत व्हायला एका दिवसाहून जास्त. ती गाळणी परत लावायला किती वेळ लागला असता? फार तर एक-दोन मिनिटं.

या दोन्ही प्रसंगांत प्रती नव्हत्या किंवा फरक कळत नव्हता असा प्रश्न नव्हता. कालची फाईल कुठेतरी सुखरूप होती. हरवली होती ती तिथपर्यंत जायची वाट. आपण बॅकअपचा हिशोब ठेवतो, महिनाअखेरच्या अहवालात हिरवी खूण करतो. पण 'नेटवर्कच बंद असताना मी या राउटरपर्यंत कसा पोचणार' हा प्रश्न त्या अहवालात क्वचित असतो. कारण त्याचं उत्तर म्हणजे वेगळी तार, वेगळ्या कंपनीचं कनेक्शन, म्हणजे खर्च. आणि वर्षानुवर्षं वापरली न जाणारी गोष्ट बजेटमध्ये सगळ्यात आधी कापली जाते. शिवाय पाच टप्पे नीट गेले म्हणून सहावा सोपा होत नाही. 'रिलोड इन १०' म्हणायची गरज ज्या दिवशी वाटत नाही, तो दिवस जरा जपूनच.

बाकी आपल्या घरच्या वायफायच्या डब्याला मागे एक बारीकसं छिद्र असतं बघा. टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबलं की डबा सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, फक्त तुमचा हात डब्यापर्यंत पोचावा लागतो. ते दाबायची वेळ यायच्या आधी त्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपचं बटण शोधा आणि ती छोटीशी फाईल कुठेतरी ठेवून द्या. फक्त त्या वायफायवरूनच उघडावी लागेल अशा जागी ठेवू नका म्हणजे झालं :)

असो. रविवार संपत आला, उद्या ऑफिस आहे.